मापाची सायकल

प्रवासाला निघालेला मनुष्य किती गोष्टी भाड्याने घेतो, याचा हिशेब तो सहसा मांडत नाही. राहण्याची खोली भाड्याची, फिरण्याची मोटार भाड्याची, समुद्रकाठची खुर्ची भाड्याची. आणि एखाद्या देवस्थानाच्या अग्रशाळेत उतरलो तर अंगाखालची गादीही भाड्याचीच. यांतील बहुतेक वस्तूंशी आपला संबंध वरवरचा असतो. खोलीची भिंत हातभर इकडे असली काय किंवा तिकडे असली काय, झोपेत फरक पडत नाही. मोटारीला चालक असतो. तिच्या बऱ्यावाईटाची चिंता त्याची. सायकलीचे मात्र तसे नाही. तिचे इंजिन आपण, चालक आपण आणि उतारूही आपणच. तिची सीट दोन बोटे उंच झाली तर कंबर तक्रार करू लागते, आणि तिचा ब्रेक भलत्या हाताला लागला तर तक्रार करायला आपण शिल्लक राहू की नाही, हेही सांगता येत नाही. म्हणून परक्या गावी भाड्याची सायकल निवडणे हा, माझ्या मते, दिसतो तेवढा किरकोळ प्रश्न नव्हे.

आमच्या पिढीच्या बेळगावकरांना भाड्याची सायकल ही काही नवलाई नव्हती. शहापुरात, टिळकवाडीत, कॅम्पात तासाच्या बोलीने सायकल देणारी दुकाने होती. दुकानदार लांबोडक्या वहीत आपले नाव आणि निघण्याची वेळ लिहून घेई आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे अशा नजरेने पाही, की आपल्याला घाईने पेडल मारणे भागच पडे. त्या सायकलींत निवड अशी फारशी नव्हती. दांडी उंच असे आणि आमचे पाय आखूड असत. मग दांडीखालून पाय घालून, अंग वाकडे करून ‘कैची’ मारीत आम्ही येळ्ळूरच्या रस्त्याला लागत असू. घंटी वाजते का, टायरात हवा आहे का आणि ब्रेक धरतो का, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या की परीक्षा संपली. सायकल आपल्या मापाची असावी ही कल्पनाच तेव्हा कोणाला शिवलेली नव्हती. आपण वाढत वाढत तिच्या मापाचे व्हावे, अशी रीत होती.

ही रीत मला पुन्हा आठवली ती २०२४ च्या वसंतात, घरापासून हजारो मैलांवर. माझा भाचा बार्सिलोना येथे नोकरीस आहे. माझ्या निवृत्तीला सहा वर्षे झाली, तरी मी रोज सकाळी सायकल चालवतो, हे ऐकून त्याने आम्हा उभयतांना स्पेनला बोलावले आणि आठ दिवसांसाठी मायोर्का बेटावर नेले. भूमध्य समुद्रातले हे बेट युरोपातील सायकलस्वारांचे जणू क्षेत्रच आहे. हिवाळा सरताना व्यावसायिक स्पर्धकांचे संघ तेथे सरावाला येतात, आणि एप्रिलपर्यंत हौशी स्वारांनी रस्ते फुलून जातात. बेटाच्या वायव्य अंगाला त्रामुंताना नावाची डोंगररांग आहे. दगडी बांधांवर रचलेल्या तिच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतीमुळे युनेस्कोने २०११ साली तिला जागतिक वारशाचा मान दिला. आपल्याकडे देवळाच्या वाटेवर फुलवाले आणि नारळवाले बसावेत, तशी तेथे समुद्रकाठच्या गावांतून भाड्याने सायकली देणारी दुकाने बसली आहेत.

तेथील शर्यतीच्या घाटाची सायकल ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. तिला मडगार्ड नसते, कॅरिअर नसते, स्टँड नसतो आणि घंटीही बहुधा नसते. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले असते, आणि स्वार तिच्यावर बसतो म्हणण्यापेक्षा ओणवतो म्हणणे अधिक खरे. आपली काळी सायकल एका हाताने उचलताना दम लागतो; ही दोन बोटांवर तोलता येते.

भाच्याने माझ्यासाठी सायकल आधीच सांगून ठेवली होती. पोल्येन्साच्या बंदरावरील एका दुकानात आम्ही गेलो, तेव्हा ती भिंतीशी उभी होती. कार्बनच्या धाग्यांची चौकट, शाईसारखा काळा रंग, बटण दाबताच विजेने बदलणारे गिअर. तिचे भाडे शेजारच्या साध्या अ‍ॅल्युमिनिअमच्या सायकलीच्या जवळजवळ दुप्पट होते. भाचा म्हणाला, “मामा, ही तुमची. लहानपणी मला सायकल तुम्ही शिकवलीत. आता आठ दिवस तुम्ही दुकानातली सगळ्यांत चांगली सायकल चालवायची. पैशाचे नाव काढायचे नाही.”

माझ्यापुढचा पेच येथे सुरू झाला. सायकल उत्तम होती, यात शंका नाही. परंतु ती माझ्यासाठी उत्तम नव्हती. हे मला तिच्यावर पाय टाकताच कळले, आणि कळले ते त्या मुलाला सांगावे कसे हे कळेना. ज्याला आपण सीट धरून धावत धावत तोल सावरायला शिकवले, तो पोरगा मिळवता होऊन आपल्याला काही देऊ पाहतो. त्याचे देणे नाकारणे हे सायकल नाकारण्याइतके सोपे नसते.

पहिली अडचण मापाची होती. या सायकलींची मापे सेंटिमीटरमध्ये असतात. त्याने सांगून ठेवलेली सायकल छप्पन्न मापाची होती, आणि माझी उंची पाच फूट सहा इंच. हँडलापर्यंत हात पोचवण्यासाठी मला खांदे ताणावे लागत होते. “अरे, छप्पन्न कशी रे सांगितलीस?” मी विचारले. तो म्हणाला, “मामा, तुम्ही चोवीस इंची सायकल चालवीत होता ना? म्हणून मोठी सांगितली.” त्याने मला लहानपणी त्या उंच सायकलीवर पाहिले होते, आणि त्याच्या आठवणीत मी अजून तेवढाच उंच राहिलो होतो. मला क्षणभर बरे वाटले हे खरे. परंतु आठवणीच्या उंचीने हात लांब होत नाहीत. सीट वरखाली करता येते, पण चौकटीची लांबी बदलता येत नाही. म्हणून भाड्याच्या सायकलीत चौकटीचे माप आधी पाहावे आणि बाकीचे सारे नंतर.

सीटच्या उंचीचे एक गणित सायकलस्वारांत रूढ आहे. अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. पेडलांच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर ठेवावे. माझे अंतर ऐंशी सेंटिमीटर, म्हणून सीट साडेसत्तरावर. हा आकडा मी घरूनच कागदावर लिहून नेला होता. ज्याला गणिताचा कंटाळा असेल त्याने सीटवर बसून टाच पेडलावर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा नेमका सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलावर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो.

दुसरी अडचण दात्यांची. पुढच्या लहान चक्राला चौतीस दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रालाही चौतीस दाते असतील, तर पेडलाच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो आणि सायकल सुमारे दोन मीटर दहा सेंटिमीटर पुढे सरकते. उलट पुढे पन्नास आणि मागे अकरा दाते लावले, तर त्याच एका फेऱ्यात ती साडेनऊ मीटर धावते. सपाटीवर दुसरा हिशेब सुखाचा वाटतो. घाटात पहिलाच कामाला येतो. त्या काळ्या सायकलीच्या मागे तीस दात्यांपर्यंतच सोय होती. भाच्याच्या वयाला ती पुरेल. माझ्या उजव्या गुडघ्याने मात्र बऱ्याच वर्षांपूर्वी मला नोटीस दिलेली आहे, आणि चार दात्यांचा फरक तो गुडघा माझ्याआधी मोजतो.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटत होती, आणि ऐकणाऱ्याला ती सर्वांत क्षुल्लक वाटली. आपल्याकडे सायकली इंग्रजी रिवाजाच्या आल्या. उजव्या हाताला पुढच्या चाकाचा ब्रेक, डाव्या हाताला मागच्याचा. आम्हाला शिकवणाऱ्यांनी बजावलेले असे, की घाईच्या वेळी आधी डावा दाबावा आणि मग उजवा हळूहळू. उजवा एकदम आवळशील तर सायकल जागच्या जागी थांबेल आणि तू पुढे जाशील. स्पेनमध्ये आणि युरोप खंडातील बहुतेक देशांत हा रिवाज नेमका उलटा आहे. तेथे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. म्हणजे माझ्या डाव्या हाताने पन्नासहून अधिक वर्षांत जे पुण्यकर्म म्हणून शिकून घेतले, तेच त्या सायकलीवर मला तोंडावर पाडणारे होते.

भाचा म्हणाला, “मामा, दोन दिवसांत सवय होईल हो.” मी म्हटले, “सपाटीवर होईल, बाळ. पण संकटात माणूस दोन दिवसांपूर्वी शिकलेले करीत नाही, बाळपणी शिकलेले करतो. इथे रस्त्याची बाजू उलटी, चौकाचा फेरा उलटा. हातातला ब्रेक तरी ओळखीचा राहू दे.”

दुकानातील कारागीर हे बोलणे आमच्या चेहऱ्यांवरूनच समजला असावा. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, की इंग्लंडहून येणारे पुष्कळ लोक हीच मागणी करतात. मात्र काळ्या सायकलीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे आणि त्यांच्या नळ्या हँडलाच्या पोटातून गेलेल्या. त्या उलटसुलट करायच्या तर अर्धी सायकल उकलावी लागेल, ते तो हंगामाच्या गर्दीत करणार नाही. शेजारची अ‍ॅल्युमिनिअमची सायकल चौपन्न मापाची होती, तिच्या मागे चौतीस दाते होते, आणि तिचे ब्रेक साध्या तारेवर चालून रिम धरणारे होते. दोन तारांची अदलाबदल करायला त्याला पाव तास पुरे होता. विजेच्या साहाय्याने चढ चढणारीही एक सायकल त्याने दाखवली. ती पंचवीस किलोमीटरच्या वेगापर्यंत हातभार लावते आणि पुढे आपली आपण. आमच्या सौभाग्यवतींचे मत तिच्याकडे झुकले होते, आणि त्यात गैर काही नव्हते. गुडघे याहून थकले की मीही तीच घेईन.

मी भाच्याला बाजूला घेतले. म्हटले, “तुझ्या प्रेमात काही उणे नाही. पण तू मला सायकल देतो आहेस की तिची किंमत देतो आहेस? सायकल देत असशील तर ती शेजारची दे.” तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने कारागिराला स्पॅनिश भाषेत काही सांगितले, आणि कारागिराने साध्या सायकलीला पान्हा लावला. उतरलेल्या भाड्याची रक्कम परत घेताना भाच्याचा चेहरा पडला होता, हे मी पाहिले. त्याला आपल्या मापाची ती काळी सायकल तूच घे म्हणून मी सुचवले, तर तो म्हणाला, “नको, मी माझीच चालवीन.”

घरून मी दोन वस्तू पिशवीत घालून नेल्या होत्या: माझी सीट आणि माझी पेडले. ज्यांना लांबचा पल्ला मारायचा आहे त्यांनी हे अवश्य करावे. दुसऱ्याची सीट ही दुसऱ्याच्या जोड्यासारखी असते. पेडल बसवताना ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. दोन्ही बाजूंना पान्हा सायकलीच्या पुढच्या दिशेला फिरवला की पेडल घट्ट होते. मग सायकल ताब्यात घेण्यापूर्वी मी तिची रीतसर तपासणी केली. चाके उचलून फिरवली, रिम डुगडुगते का पाहिले. टायरांना चिरा आहेत का, ब्रेकचे रबर किती उरले आहे, चेन ढिली पडली आहे का, हे पाहिले. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, म्हणजे हँडलाखालचा सांधा सैल असेल तर हाताला कळतो. जुन्या ओरखड्यांची छायाचित्रे कारागिरासमक्ष काढली, म्हणजे अनामतीच्या वेळी वाद नको. जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान सीटखालच्या पिशवीत आहे ना, ते मोजून घेतले. शिरस्त्राण तर हवेच. तेथे गावाबाहेरच्या रस्त्यांवर त्याची कायद्याने सक्ती आहे. मोटारवाल्यालाही कायदा आहे: सायकलस्वाराला ओलांडताना त्याने दीड मीटर अंतर राखलेच पाहिजे. तो कायदा पाळला जाताना पाहून मला आपल्या कॉलेज रोडची फार आठवण झाली.

भाच्याला सा कालोब्राच्या घाटाची ओढ होती. आंतोनिओ पारिएत्ती नावाच्या अभियंत्याच्या आराखड्यावरून १९३२ साली तयार झालेला हा रस्ता डोंगरावरून नागमोडी वळणांनी समुद्रापर्यंत उतरतो आणि एके ठिकाणी वेढा घेऊन स्वतःच्याच पोटाखालून जातो. त्या रस्त्याची गंमत अशी, की आधी उतरायचे आणि मग सुमारे साडेनऊ किलोमीटर तोच चढ चढून परत यायचे. जमिनीवरून दुसरी वाट नाही. मी त्याला त्याच्या मित्रांबरोबर एक दिवस तेथे जायला सांगितले, आणि माझ्यासाठी ल्युकची वाट मागून घेतली.

ल्युक हे त्या बेटाचे आराध्य स्थान. काइमारी गावापासून सुमारे आठ किलोमीटरचा घाट चढून सा बातालियाच्या खिंडीत पोचले, की पुढे डोंगरांच्या कुशीत तो मठ लागतो. चढ शेकडा पाचाचा, म्हणजे शंभर मीटर चाललो की पाच मीटर उंच. दोन्ही बाजूंना आधी ऑलिव्हची झाडे आणि मग दाट ओक. मी शेवटच्या दात्यावर, दर फेऱ्याला दोन मीटर दहा सेंटिमीटर या हिशेबाने, न थांबता वर गेलो. भाचा पुढे जाई आणि वळणावर माझी वाट पाही. खिंडीत एक पेट्रोल पंप आणि त्याला लागून उपाहारगृह आहे; तेथे शंभरएक सायकली भिंतीला टेकून विसावलेल्या होत्या.

ल्युकची देवी सावळ्या वर्णाची आहे. आख्यायिका अशी, की ती मूर्ती एका गुराख्याच्या पोराला रानात सापडली. जवळच्या देवळात नेऊन ठेवली तरी ती पुन्हा पुन्हा मूळ जागी परत येई, म्हणून लोकांनी तिचे स्थान तेथेच बांधले. आपल्याकडे अशा कथा गावोगाव आहेत, त्यामुळे मला ती ऐकताना परकेपणा वाटला नाही. १५३१ पासून चालत आलेले बालगायकांचे पथक तेथे आहे, आणि यात्रेकरूंना उतरण्यासाठी खोल्याही आहेत. कवळ्याच्या आणि मंगेशीच्या अग्रशाळांत वाढलेल्या मनाला त्या चौकात बसून पाणी पिताना घरी आल्यासारखे झाले.

परतीचा उतार फेमेनियाच्या खिंडीवरून पोल्येन्साकडे जातो. उतारावर सायकल स्वतःहून धावते आणि माणसाचे काम फक्त आवरण्याचे उरते. एका वळणापलीकडे, रस्त्याच्या मधोमध, चारपाच शेळ्या उभ्या होत्या. विचार करायला वेळ नव्हता, आणि विचार झालाही नाही. डावा हात घट्ट आवळला गेला. मागचे चाक किंचित घसरले. मागोमाग उजव्या हाताने पुढचा ब्रेक हळूहळू धरला. मी शेळ्यांपासून तीनचार हात अलीकडे, पाय जमिनीला टेकून उभा होतो. शेळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्या सावकाश कड्यावर चढून गेल्या.

भाचा मागून येत होता. तो सायकल थांबवून माझ्या हातांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मामा, डावा आधी गेला.”

“हो,” मी म्हटले, “तो नेहमी आधीच जातो. तुलाही तसाच शिकवला आहे.”

तो हसला. त्या डाव्या हाताला पुढचा ब्रेक असता तर काय झाले असते, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवले नाही. बाकीचा उतार आम्ही जोडीने उतरलो, आणि दुकानात पडलेला त्याचा चेहरा मला पुन्हा दिसला नाही.

आठव्या दिवशी सायकल परत करण्यापूर्वी आम्ही दोघांनी मिळून ती धुतली. चेनवरचे काळे वंगण पुसले, माझी सीट आणि पेडले उतरवून पिशवीत घातली. दुकानात कारागिराने चाके फिरवून पाहिली, अनामत मोकळी केली, आणि सायकल आत नेऊन तारांना पान्हा लावला. ब्रेक पुन्हा त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे करून ठेवणे त्याला भागच होते. दुसऱ्या दिवशी ती सायकल कोणा जर्मन बाईंच्या नावावर होती. तिच्या मापासाठी त्याने सीटही दोन बोटे खाली घेतली.